भरत गेलेलं नाणं

१

दर शनिवारी दुपारी जेवणं उरकली की जुन्या नाण्यांच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर यायचं आणि मागच्या खोलीत भिंगवालीचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे काय, तर एक लांब टेबल, त्यावर हिरवी मखमल, मान वाकवता येणारा दिवा आणि भोवती नाण्यांचं वेड लागलेली मोजकी माणसं. बाजारात तिला भिंगवालीशिवाय दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग ती फक्त आंघोळीपुरतं काढते, असं सांगून तिचा नवरा गिऱ्हाइकांत हशा पिकवायचा. पुढच्या दुकानात तो बोलायचा, मागच्या खोलीत ती बघायची. संसाराची वाटणी अशी सरळ होती.

वर्गात ती एकच विषय शिकवायची. झीज.

"हातोहात फिरलेलं नाणं आधी उंचावर झिजतं," ती सांगायची. "गाल, कानावरचे केस, भुवई. जे सगळ्यात वर असतं त्याला जगाचे हात आधी लागतात. कपाटात पडून राहिलेल्याचं वेगळं. खण उघडला, मिटला, नाणं मखमलीवर इकडून तिकडे सरकलं, की एकाच बाजूला ही अशी पुसट लकाकी येते. आणि हे बघा, हे वाळूच्या डब्यात घालून फिरवलंय. लबाडाने केलेली झीज. खोलगट जागासुद्धा खरबरीत झाल्यात. खऱ्या झिजेला खोलात उतरायला जन्म जातो. लबाडाला तेवढा धीर कुठला?"

"आणि हे मध्येच बशीसारखं का झालंय?" दंतवैद्यीणबाईंनी विचारलं. दातांच्या दवाखान्यातून थेट वर्गाला येणाऱ्या या बाईंच्या बोटांना कायम लवंगेचा वास असायचा.

"ते कुणीतरी वर्षानुवर्षं खिशात बाळगलंय. एकच अंगठा, एकच जागा. बोलता बोलता, चालता चालता चोळत राहायचं. ही मायेची झीज."

सगळे हसले. मग नेहमीप्रमाणे तिने तबकात ओळ मांडली. एकाच टाकसाळीची, एकाच ठशाची चांदीची नाणी. प्रत्येकावर तीच बाई, केस मागे बांधलेली, डावीकडे बघणारी. पहिलं नाणं कोरं करकरीत. तिथून पुढे एकेक जास्त झिजलेलं, आणि शेवटचं तर इतकं गुळगुळीत की बाईच्या जागी नुसती सावली. त्या शेवटच्याला वर्गाने लाडाने 'म्हातारी' नाव ठेवलं होतं. नवऱ्यानेच ते काही महिन्यांपूर्वी कुठूनसं आणून दिलं होतं. "तुझ्या ओळीला शेपूट नव्हतं ना? हे घे."

दंतवैद्यीणबाईंनी ओळीवरून नजर फिरवली आणि भुवया उंचावल्या.

"बाई, तुमची ओळ चुकलीय. म्हातारी आधी हवी आणि हे तिच्या शेजारचं शेवटी."

"छे, असं कसं?" म्हणत भिंगवाली वाकली. वाकलेली तशीच राहिली.

म्हातारीला भुवई होती.

२

दिव्याचा खेळ असणार, असं तिने स्वतःला बजावलं. उजेड तिरपा पडला की सपाटीलाही उठाव आल्यासारखा दिसतो, हे तीच तर दरवेळी शिकवायची. तिने दिवा सरळ केला, तिरपा केला, विझवून खिडकीच्या उजेडात बघितलं. भुवई होतीच. नाकाची रेघ कपाळातून निघून खाली उतरत होती. ओठांच्या जागी बारीक खाच पडली होती.

मग नाणं बदललं असणार. पण किनारीवर तो ओळखीचा टवका होता, बाभळीच्या काट्याएवढा, आणि मागच्या बाजूला अर्धचंद्रासारखा ओरखडाही. नाणं तेच होतं.

कुणी साफ केलं असेल? साफ केल्याने चकाकी येते, उठाव येत नाही. गेलेली चांदी परत कुठून येणार? तिने काट्यावर नाणं ठेवलं. ज्या कागदी पाकिटातून ते आलं होतं त्यावर तिनेच पहिल्या दिवशी वजन टिपून ठेवलं होतं. काटा त्याच्यापेक्षा थोडा जास्त दाखवत होता. तिने काटा पुसला, पुन्हा शून्यावर आणला, नाणं पुन्हा तोललं. काटा जास्तच दाखवत राहिला.

"काटा दुरुस्तीला टाकायला हवा," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिने मोठ्याने बोलून दाखवली नाही. ओळीतल्या पहिल्या, कोऱ्या नाण्यावरची बाई ती रोज बघत आली होती. हनुवटी गोल, नाक बसकं, चेहरा जरा रागीट. म्हातारीवर उमटणारी बाई ती नव्हती. ठसा तोच, भोवतीची अक्षरं तीच, पण हिचं नाक सरळ होतं. आणि ही रागावलेली नव्हती.

३

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. दुकानाच्या वरच त्यांचं घर, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. मूलबाळ नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की दोघं एकमेकांशी बहुतेक विजेच्या बिलाबद्दल आणि गळक्या नळाबद्दलच बोलायची.

"तू म्हातारीला हात लावलास का रे?"

"कोणत्या?"

"ओळीतल्या."

तो हसला. "मी कशाला लावू? तुझ्या तबकाला हात लावला की तू हात तोडशील."

"मग ते नाणं बदललंय."

"बदललंय म्हणजे?"

"कमी झिजलेलं दिसतंय."

त्याने ताटावरून मान वर केली आणि प्रेमाने तिच्याकडे बघितलं. "अगं, तूच सांगतेस ना सगळ्यांना, झीज उलटी फिरत नाही म्हणून? डोळे दमलेत तुझे. चष्म्याचा नंबर बघून घे एकदा."

त्या प्रेमापुढे तिने विषय सोडून दिला. कारण अलीकडे तो खरंच बदलला होता. इतकी वर्षं सकाळी उठल्यावर पाठ करून चपला शोधणारा हा माणूस गेल्या काही महिन्यांपासून उठण्याआधी तिच्या गालावरून अंगठा फिरवायचा. हळूच, गालाच्या हाडावरून कानाकडे. पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. मग सवय झाली. मग तर ती जागी असली तरी डोळे मिटून पडून राहायची आणि तो वळायच्या आधीच गाल जरा पुढे करायची. या वयात हे कुणाला सांगणार? धाकट्या बहिणीला तिने फोनवर सांगितलं. बहीण म्हणाली, "तुझं आपलं सगळंच वेगळं असतं, ताई."

दुसऱ्या दिवसापासून तिने तबक खणात ठेवून कुलूप लावायला सुरुवात केली. किल्ली भिंगाच्या दोरीतच ओवली. खणाला दुसरी किल्ली होती आणि ती गल्ल्यात पडलेली असायची, हे तिला ठाऊक होतं. पण स्वतःच्या घरात किती संशय घ्यायचा यालाही मर्यादा असते.

म्हातारीला कान उमटला. मग कानातलं.

४

चष्म्याच्या दुकानात ती गेली ती नंबर तपासायला नव्हे. नंबर ठीकच होता. चष्मा नाकावरून घसरत होता. नाणं बघायला मान खाली घातली की घसरून थेट मखमलीवर पडायचा.

चष्मेवाल्याने दांड्या वाकवल्या, नाकावरच्या चकत्या जवळ आणल्या. ती पुन्हा आली. त्याने चकत्या बदलल्या. ती पुन्हा आली तेव्हा त्याने चष्मा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि मग तिच्याकडे बघितलं.

"फ्रेम तीच आहे, मॅडम. नाक..." तो थांबला. "उन्हाळ्यात घामाने होतं असं," तो म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत. बाहेर गार वारा सुटला होता.

फोन तिचा चेहरा ओळखून उघडायचा, तो उघडेना. पुन्हा प्रयत्न करा, असं तो अदबीने सांगत राहिला. पावाच्या दुकानातली बाई, जिच्याकडून ती रोज सकाळी पाव घ्यायची, तिने एका सकाळी विचारलं, "नवीन आलात का इकडे राहायला?" भिंगवालीने थट्टा समजून हसून दाखवलं. ती बाई हसली नाही. ओशाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढच्या शनिवारी वर्ग संपल्यावर दंतवैद्यीणबाई रेंगाळल्या.

"बाई, राग मानू नका. तब्येत बरी आहे ना?"

"का?"

"दात झिजले की चेहरा बसतो. रोज बघते मी. पण तुमचे दात शाबूत आहेत." त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "इथलं हाड. सुजलेलं माणूस मी पाहिलंय, वाळलेलं पाहिलंय. हे तसं नाही. हे सगळं जरा..." त्यांना शब्द सापडेना. आणि मग शब्द सापडला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला. त्या तबकाकडे बघत होत्या.

"येते मी," त्या म्हणाल्या आणि पर्स विसरून निघाल्या. दारातून परत येऊन पर्स घेतली तेव्हाही त्यांनी वर बघितलं नाही.

५

त्या संध्याकाळी नवरा वसुलीला गेलेला असताना भिंगवालीने न्हाणीघराचा दिवा लावला, आरशासमोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंग स्वतःकडे वळवलं.

आरसा जुना होता, कडेला पारा उडालेला. सुरुवातीला ती त्यालाच दोष देत राहिली. वय झालं. वयाने सगळ्यांचेच चेहरे उतरतात. पण वयाने कातडी सैल पडते, सुरकुत्या खोल जातात. तिच्या सुरकुत्या खोल नव्हत्या. त्या पुसट होत्या. नाकाचा शेंडा गोलसर झाला होता. गालाच्या हाडाचा उंचवटा, ज्यावरून आई तिला 'उंच गालांची' म्हणायची, तो मंद पडला होता. आधी उंचावरचं. नेहमीच आधी उंचावरचं.

डाव्या भुवईवर तिला एक खूण होती. लहानपणी धाकट्या बहिणीने झोपाळ्यावरून ढकललं तेव्हाची, बोटाला लागेल अशी बारीक उंच रेघ. तिने बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

"हातोहात फिरलेली नाही ही," ती पुटपुटली. धंद्याची सवय जाता जात नाही. "वाळूची पण नाही, खोलगट जागा साफ आहेत." तिने मान तिरपी केली. उजव्या गालावर, हाडाखाली, उजेड साचत होता. तिथे बशीसारखा किंचित खळगा होता. एकच दिशा. हाडावरून कानाकडे.

तिने भिंग खाली सोडलं. नळ नीट बंद केला. ओल्या हाताने दिवा मालवला. जिना उतरून ती दुकानाच्या मागच्या खोलीत आली, खण उघडला आणि म्हातारीला भिंगाखाली घेतलं.

तिला आता म्हातारी म्हणणं शक्य नव्हतं. केसांची बट अन् बट सुटी दिसत होती. गाल भरला होता. आणि भुवईवर, जिथे या ठशाच्या कुठल्याच नाण्यावर काही नसतं तिथे, एक बारीक उंच रेघ होती.

६

सकाळी ती जागी होती. खिडकीच्या कापडातून फिकट उजेड येत होता आणि खाली रस्ता झाडल्याचा आवाज चालू होता. शेजारी त्याचा श्वास बदलला. तो कुशीवर वळला.

अंगठा आला. तिने श्वास तसाच ठेवला. हाडावरून कानाकडे, सावकाश, पुन्हा हाडावरून कानाकडे. किती हलका होता हात! लग्नाच्या पहिल्या वर्षातही तो इतक्या जपून वागला नव्हता. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते खाली ओघळेपर्यंत तो थांबला, ते टाळून अंगठा फिरवला, आणि उठला.

जिन्याच्या पायऱ्या वाजल्या. ती अनवाणीच मागोमाग उतरली.

मागच्या खोलीचं दार नीट लागायचं नाही, फट राहायची. फटीतून त्याची पाठ दिसत होती, झोपेतला चुरगळलेला सदरा. खण उघडा होता. उजवा अंगठा त्याने बाकीच्या बोटांपासून लांब, उभा धरला होता, ओल्या रंगात बुडवल्यासारखा. मग तो वाकला आणि तान्ह्या बाळाच्या गालाला साय लावावी तसा त्याने तो अंगठा नाण्यावर फिरवला. बारीक आवाज आला. काचेवर ओलं बोट फिरवल्यासारखा.

"आज जरा जास्त आणलंय," तो म्हणाला.

आणि थांबला. समोरच्याला बोलू द्यावं तसा थांबला. मग मान कलती करून हसला.

"नाही गं. तिला कुठे कळतंय."

पुन्हा तो थांबला. त्या थांबण्यात, रस्त्यावरचा झाडू क्षणभर बंद असताना, भिंगवालीने ऐकलं. शब्द नव्हते. नुसता श्वास होता. नाकातून घेतलेला, लांब, तृप्त. त्याचा नव्हता. त्याचा श्वास ती आयुष्यभर उशाशी ऐकत आली होती.

७

तिने दार ढकललं. तो दचकला नाही, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. खण हलकेच मिटून तो वळला. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची लाज नव्हती. आजारी माणसापासून लपवून ठेवलेलं काही त्याला कळलं की घरच्यांचा होतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

"बस," तो म्हणाला.

"कोण आहे ती?"

"तुला काय करायचंय? उगाच त्रास होईल तुला."

"मला त्रास होईल?" तिचा आवाज चिरकला. "माझ्या तोंडावरून रोज... मला वाटायचं तू..." ती स्वतः गाल पुढे करत होती, हे तिला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ते त्याला ठाऊक होतं हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"थोडं थोडंच घेत होतो," तो म्हणाला. "तुला दुखू नये म्हणून किती जपलंय मी! तुझ्यात पुष्कळ आहे गं. तिचं काहीच उरलं नव्हतं."

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

तिची नजर खणाकडे गेली.

"म्हणून नाही विचारलं," तो समजुतीने म्हणाला. "आता फार राहिलेलं नाही. कानाजवळचं थोडं. मग तू मोकळी."

मोकळी या शब्दावर ती हलली. त्याला बाजूला सारून तिने खण ओढला, नाणं मुठीत घेतलं. मूठ गरम झाली. चांदी इतकी गरम नसते. ती वर गेली, पिशवीत हाताला लागतील ते कपडे कोंबले आणि निघाली. तो जिन्याच्या तळाशी उभा होता. त्याने वाट अडवली नाही. उलट शटर तिच्यासाठी वर उचलून धरलं.

८

धाकटी बहीण दुसऱ्या शहरात एका चिंचोळ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एकटी राहायची. तिने दार उघडलं, क्षणभर अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि मग तिचे हात पसरले.

"ताई! अगं, किती वाळलीस!"

त्या हाकेने भिंगवालीचा बांध फुटला. पायपुसण्यावर उभी राहूनच ती रडली. बहिणीने तिला आत घेतलं, गरम पाणी काढून दिलं, स्वतःचे धुतलेले कपडे दिले. सगळं ऐकून घेतलं. वेडी आहेस का, असं एकदाही म्हणाली नाही. नुसती विचारत राहिली, "मग? मग काय म्हणाले भाऊजी?" आपल्या माणसाला सांगितलं की निम्मं ओझं उतरतं. भिंगवालीचंही उतरलं. गालाला कुणाचा हात नाही, हे तिला त्या घरात दिवसेंदिवस बरं वाटू लागलं. आरशात ती मुद्दाम बघत नव्हती.

नाणं पिशवीच्या तळाशी पायमोज्यात गुंडाळून ठेवलं होतं. ते बाहेर काढायचं धैर्य तिला लवकर झालं नाही. एका दुपारी बहीण कामावर असताना तिने काढलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

नाण्यावर कुणी नव्हतं.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. झिजली पुन्हा, तिला वाटलं. मग धंद्याची नजर जागी झाली. झिजलेल्या नाण्यावर सावली राहते. कितीही घासा, ठसा जिथे खोल बसला होता तिथे काहीतरी राहतंच. इथे सावली नव्हती. किनारीवरचा टवका तसाच होता, मागचा ओरखडा तसाच होता, मधली चांदी मात्र कोरी होती, टाकसाळीतल्या पहिल्या लकाकीसकट. ही झीज नव्हती. या बाजूवर कधी कुणाचा ठसा बसलाच नव्हता, अशी ती चकती होती.

तिने हाताने कट्टा चाचपला. जणू काही कट्ट्यावर सांडलं असावं.

जी तिथे होती ती झिजून गेली नव्हती. निघून गेली होती.

तिने घाईने फोन उचलला, बहिणीला लावला. फोन व्यस्त होता. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त. बहीण संध्याकाळी आली तेव्हा म्हणाली, "अगं, ऑफिसचा फोन होता, काय झालं?" आणि भिंगवालीने सांगितलेलं ऐकून तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "गेली ना? मग सुटलीस तू. झोप आता शांत."

९

सकाळी तिला जाग आली ती गालावरच्या स्पर्शाने.

स्वप्न असेल म्हणून ती पडून राहिली. हाडावरून कानाकडे. हात मोठा नव्हता. हलकाही नव्हता, घाईचा होता, आणि जिथे नवऱ्याने इतके महिने जपून सोडलं होतं त्या कानाजवळच्या जागी जोर देत होता. तिने डोळे उघडले.

बहीण तिच्यावर वाकलेली होती. बाहेर जायचे कपडे घातलेली, केस नीट विंचरलेली.

"हे काय करतेस?"

बहिणीने हात मागे घेतला. अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब, उभा.

"थोडंसंच हवं होतं, ताई," ती म्हणाली. साडी नेसायला मागावी तशा सुरात. "भाऊजी केव्हाचे विनवण्या करतायत. आणि तुला कळणार नाही म्हणाले होते."

"तू... तू माझी सख्खी..."

"तुझ्या वाट्याला नेहमीच जास्त आलं," बहीण शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता हिशेब होता, फार जुना. "घरात येणारा जाणारा तुझ्याच तोंडाकडे बघायचा. मी शेजारी उभी असायचे. कधी म्हणालीस, घे थोडं?"

आणि अंगठा सांभाळत ती खोलीबाहेर गेली. दाराची कडी बाहेरून लागली.

भिंगवाली खिडकीशी गेली. चष्मा नाकावर ठरत नव्हता, तो तिने हाताने धरला. खाली गल्लीत नुकतं उजाडलेलं होतं. दुधाच्या पिशव्या दारादारांत पडल्या होत्या. समोरच्या भिंतीशी तिचा नवरा उभा होता आणि त्याच्या शेजारी एक बाई, भिंगवालीचा राखाडी स्वेटर घालून. तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. ती नाण्यावरच्यासारखी एका अंगाने उभी होती, डावीकडे बघत, आणि जराही हलत नव्हती. अजून तेवढंच जमत असावं.

बहीण खालच्या दारातून बाहेर पडली. भरलेली वाटी न्यावी तशी जपून गल्ली ओलांडून गेली. त्या बाईने गाल पुढे केला.

अंगठा फिरला. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण काचेवर ओलं बोट फिरवल्याचा तो आवाज भिंगवालीला ऐकू आला.

मग त्या बाईने मान वळवायला सुरुवात केली. सावकाश, कधीच न वळलेली मान वळावी तशी. भिंगवालीने काचेवर हात आपटले. नवऱ्याने वर बघितलं. त्याची नजर खिडकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, कुठेही न अडता, रिकाम्या खिडकीवरून जाते तशी, आणि परत शेजारच्या बाईवर येऊन स्थिरावली.

"ताई," बहिणीने लाडाने हाक मारली, "चल ना वर. चहा टाकते."

भिंगवालीने सवयीने तोंड उघडलं. पण ओ आधीच दिली गेली होती. गल्लीतून. तिच्याच आवाजात.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजू लागली. तिघांची.